मिरेयचा बाप शाळेत जातो

बास्तियाँ जाकू आमच्या हासलेग गावात राहायला आला, तेव्हा आपण स्विस आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. पासपोर्टवर तसं छापलेलंच होतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण फ्रेंच बोलणारा जिनिव्हाचा माणूस जर्मन बोलणाऱ्या आपेनझेलच्या डोंगरात आला की आमच्या गाईसुद्धा मान वर करून बघतात, हे पाहुणं कुठलं म्हणून.

तो रेगुलाचा नवरा. रेगुला आमच्याच गावची, लाकडाच्या गिरणीवाल्यांची पोर. नर्सिंग शिकायला जिनिव्हाला गेली आणि काही वर्षांनी परत आली ती हा उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर गुंडाळणारा नवरा आणि चार वर्षांची मिरेय घेऊन. बास्तियाँचं काम रोपवेच्या तपासणीचं. डोंगरावर चढणाऱ्या पाळण्यांचे दोर, बोल्ट, ब्रेक बघत हिंडायचं. एक ब्रेक निकामी झाला तर दुसरा आहे का, तोही गेला तर काय, असले विचार करायचा त्याला पगार मिळायचा. अडचण एवढीच की सुट्टीच्या दिवशी तो हे काम फुकट करायचा.

माझं चीज-पावाचं दुकान गावातल्या वळणावर आहे. शाळेची वाट दुकानाच्या काचेसमोरून जाते. मला काचेतून दिसतं ते मी बघते, आणि दिसत नाही ते गिऱ्हाइकं येऊन सांगतात. तेव्हा पुढचं सगळं खात्रीचं आहे.

मिरेयची बालवाडी सुरू व्हायच्या आधी पालकांची बैठक झाली. मी तिथे चीजची थाळी पोचवायला गेले होते आणि मजा दिसली म्हणून थांबले. पालकांना बसायला पोरांच्याच खुर्च्या. बास्तियाँ बसला तेव्हा त्याचे गुडघे कानाला लागले. बालवाडीच्या शिक्षिका एगेनबर्गरबाई आमच्या बोलीत बोलायला लागल्या. बास्तियाँनं हात वर केला.

"माफ करा बाई, जरा पुस्तकी जर्मनमध्ये सांगाल का? मला येतं. मी तिसरीपासून शिकलोय. मार्क चांगले होते."

बाई भल्या. त्यांनी दोन वाक्यं पुस्तकी सांगितली आणि तिसऱ्याला घसरून परत बोलीवर आल्या. आपण इतकी वर्षं घोकली ती भाषा या खोलीत कुणाचीच नाही, हे बास्तियाँच्या तेव्हा ध्यानात आलं. तरी त्यानं नेट सोडला नाही.

"मुलांना सोडायला कुठपर्यंत यायचं?"

"दारापर्यंत," बाई म्हणाल्या.

"शाळेच्या ना?"

"नाही, तुमच्या घराच्या."

त्याला वाटलं आपण भाषेत चुकलो. त्यानं पुन्हा विचारलं, "म्हणजे ती एकटी येणार? चार वर्षांची?"

"एकटी कशाला, वाटेत बाकीची भेटतात की. पहिले दोन आठवडे या हवं तर. मग मात्र कृपा करून घरी बसा. वाट पोरांची असते."

"आणि दुपारचं जेवण?"

"घरी."

"घरी कोण असणार?"

"ते मी कसं सांगू? घर तुमचं आहे."

खोली हसली. बास्तियाँ लालबुंद झाला. "जिनिव्हात शाळेत जेवण मिळतं," तो म्हणाला.

शेजारी बसलेला एक गाईवाला म्हणाला, "आमच्याकडे घरी आई मिळते."

 रेगुला त्याच्याकडे वळली. "आमच्याकडची आई हॉस्पिटलात ड्यूटीवर असते. आमच्याकडे बाप मिळेल."

मिळाला. बास्तियाँनं कामाचे दिवस हलवून घेतले, रेगुलाच्या ड्यूटीच्या दिवशी घरी राहायचं ठरवलं आणि दोन आठवडे मिरेयचा हात धरून बालवाडीपर्यंत जाऊन आला. तिच्या गळ्यात गाडीवाल्यांना दिसावा म्हणून चमकणारा केशरी पट्टा, पाठीवर इवलीशी पिशवी, पिशवीत नऊ वाजता खायचा डबा. बाकी पोरांच्या डब्यात गाजर, सफरचंद, पावाचा तुकडा. बास्तियाँनं दिली चॉकलेटची पेस्ट्री, पहाटे उठून स्वतः भाजलेली. एगेनबर्गरबाईंनी पहिल्याच दिवशी डबा बंद करायला लावला. "हे घरी. इथे नाही."

घरी डबा रिकामा गेला. बास्तियाँ खूश झाला, पोरीनं सगळं खाल्लं म्हणून. खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या पावाच्या भट्टीमागे त्या गाईवाल्याची पोर, लादिना नावाची सहा वर्षांची टोळीप्रमुख, दुपारी पेस्ट्रीचे तुकडे पाडायची आणि गाजराच्या बदल्यात वाटायची. लादिना बालवाडीच्या दुसऱ्या वर्षात होती, म्हणजे टोळीत सगळ्यांत शिकलेली. महिना व्हायच्या आत मिरेय गावात लाडकी झाली, आणि तिचा बाप तर तिच्याहून जास्त.

दोन आठवडे संपले. तिसऱ्या सोमवारी मिरेय एकटी निघाली, हात हलवत, मागे वळून न बघता. जरा वेळानं माझ्या काचेसमोरच्या कुंपणातून एक मफलर पुढे सरकताना दिसला. कुंपणाची झुडपं नुकतीच कापलेली होती, त्यामुळे बास्तियाँ छातीपर्यंत लपला होता, छातीवरचा सगळा बाहेर.

मी दार उघडून विचारलं, "अरे बास्तियाँ, काही हरवलं का?"

"श्शू, आल्माबाई! ती बघेल."

"ती बघतेच आहे. पुढच्या कोपऱ्यावर उभी राहून सगळ्यांना दाखवतेय."

त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तो जुन्या वर्तमानपत्रांच्या डब्यामागे होता. तिसऱ्या दिवशी दुधाच्या कॅनच्या शेडमागे. गावानं त्याला बघायचं नाही असं आपापसात ठरवून टाकलं. पोस्टमन त्याच्या शेजारून जाताना आकाशाकडे बघायचा. लादिनाच्या बापानं एकदा ट्रॅक्टर मुद्दाम सावकाश चालवला, आडोसा मिळावा म्हणून.

पोरांनी मात्र असलं काही ठरवलं नव्हतं. मिरेयचा पापा आज कुठे लपलाय, हे शोधायचा खेळ सुरू झाला. मग शोधणं फार सोपं पडायला लागलं, म्हणून लादिनानं नवा खेळ काढला: पापाला फिरवायचं. एका दुपारी टोळी सरळ वाट सोडून ओढ्यातून गेली, दगडावरून दगडावर. मागून बास्तियाँ कामाच्या चांगल्या बुटांत. मग टोळी कुरणात शिरली. गाईंसाठी विजेची तार लावलेली होती. पोरं जन्मापासून तिथली, पोटावर सरपटत खालून गेली. बास्तियाँनं लांब टांग टाकून वरून जायचं ठरवलं.

तार अंदाजापेक्षा उंच होती.

तो जे ओरडला ते माझ्या दुकानात ऐकू आलं. फ्रेंचमधला एकच शब्द, पण दमदार. आमच्या शाळेत फ्रेंच पाचवीत सुरू होतं. त्या वर्षी बालवाडीत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं रंगकाम करताना तो शब्द गुणगुणत होती. एगेनबर्गरबाई शाळा सुटल्यावर माझ्याकडे आल्या.

"आल्मा, त्याला एकदा तोंडावर सांगू का?"

"सांगून ऐकणाऱ्यातला वाटतो का?"

"नाही ना. माणूस चांगला आहे गं, पण पोरं वाटेत एकमेकांशी भांडत नाहीत आता. सगळा वेळ त्याच्यातच जातो. भांडली नाहीत तर मिटवायला शिकणार कशी?"

मार्ग त्यांना शोधावा लागला नाही. दरवर्षी शरदात पोलीस बालवाडीत येऊन पोरांना रस्ता ओलांडायला शिकवतात. आमच्याकडे हवालदार नेफ येतात, पोट सांभाळत, हातात खोट्या सिग्नलचा खांब घेऊन. धडा माझ्या दुकानासमोरच्या वळणावर होतो. पोरं काठावर ओळीनं उभी राहिली. नेफनी विचारलं, "कुणी असा माणूस पाहिलाय का, जो रस्ता चुकीचा ओलांडतो?"

एरवी या प्रश्नाला एखादा हात वर होतो. त्या दिवशी सगळे झाले.

"मिरेयचे पापा!"

"रोज!"

"ते थांबतच नाहीत!"

"आत्ता शेडमागे आहेत," मिरेयनं सांगितलं. बापाला लपवून ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही.

नेफ शेडपर्यंत चालत गेले. मी पाव कापायचं सोडून काचेशी उभी राहिले, दुकानातली गिऱ्हाइकंही. "या साहेब, बाहेर या," नेफ म्हणाले. "ओळीत जागा आहे." त्यांनी एक केशरी पट्टा काढून बास्तियाँला दिला. गळ्यात जाईना, म्हणून त्याला तो कानांवर अडकवून घ्यावा लागला. तसाच तो पोरांच्या ओळीत उभा राहिला, लादिना आणि मिरेयच्या मध्ये.

"थांबायचं, बघायचं, ऐकायचं, मग चालायचं," नेफ म्हणाले. "जाकू, तुम्ही पहिले."

एक गाडी आली आणि हळू झाली. बास्तियाँ मूळचाच सभ्य. त्यानं चालवणाऱ्याला हात करून खूण केली, तुम्ही जा पुढे.

"चूक!" सगळी टोळी ओरडली.

दुसरी गाडी आली. या वेळी त्यानं लगेच पाऊल टाकलं.

"चाक फिरतंय! चाक फिरतंय!" लादिना किंचाळली. "चाक थांबल्याशिवाय जायचं नसतं! तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?"

तिसऱ्या वेळी मिरेयनं त्याचा हात धरला. "पापा, घाई करू नकोस. मी आहे ना." गाडी थांबली. चाकं थांबली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कान टवकारले आणि बापाला पलीकडे नेऊन सोडलं. टोळीनं टाळ्या वाजवल्या. दुकानात आम्हीपण वाजवल्या, पण हळूच.

पलीकडे गेल्यावर बास्तियाँनं विचारलं, "तू रोज अशीच जातेस?"

"हो. पण तू मागे असलास की भरभर जावं लागतं."

"का?"

"कारण तू पळत येतोस ना. रस्ता न बघता. लादिना म्हणते, एक दिवस तुला गाडी लागेल. म्हणून आम्ही लवकर लवकर लांब जातो, म्हणजे तुला लपायला पुढचं झाड मिळेल आणि तू थांबशील."

 बास्तियाँ दुकानात आला, पट्टा अजून कानांवरच, आणि स्टुलावर बसला. मी कॉफी दिली. त्यानं ती ढवळली.

"आल्माबाई, पूर्ण यंत्रणा ठीक होती," तो म्हणाला. "एकच भाग सदोष होता. मी तपासला नाही."

"कुठला?"

त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, म्हणून मी कॉफीसोबत पेस्ट्री दिली. ती त्याच्या पेस्ट्रीइतकी चांगली नव्हती, हे त्यानं तशाही अवस्थेत सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी तो घरी बसला. कसा बसला ते रेगुलाला विचारा. त्यानं बटाटे किसून कुरकुरीत भाजले, थंड झाले म्हणून परत भाजले, शेवटी ते बुटाच्या तळव्यासारखे झाले. मिरेय आली ती शाळा सुटल्यावर खूप वेळानं.

"कुठे होतीस?"

"गोगलगाय रस्ता ओलांडत होती. आम्ही थांबलो."

"इतका वेळ?"

"ती पोचेपर्यंत," मिरेय म्हणाली आणि बटाट्याचा तळवा कडाकडा खाल्ला.

पुढे वसंतात ग्रामसभा भरली. आमच्याकडे व्यायामशाळेत सगळं गाव जमतं आणि हात वर करून निकाल लावतं. बास्तियाँ उठला आणि आपल्या पुस्तकी जर्मनमध्ये वळणाबद्दल बोलला: गाड्या फार वेगानं येतात, खांब रोवून रस्ता अरुंद केला पाहिजे. म्हणणं चोख होतं. पोरांच्या ओळीत उभा राहून शिकलेला माणूस तो. खांब मंजूर झाले. मग सरपंचांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शाळा समितीत एक जागा कधीची रिकामी आहे. जाकूंना शाळेत रस दिसतो."

"मला?" बास्तियाँ म्हणाला. "मला तर काहीच कळत नाही तुमच्या शाळेतलं!"

"आम्हाला तरी कुठे कळतं," सरपंच म्हणाले. "कोण बाजूनं?"

हातांचं रान उठलं. लादिनाच्या बापानं दोन्ही हात वर केले, त्याला एक खाली घ्यायला सांगावं लागलं.

असा बास्तियाँ समितीत शिरला आणि बरीच वर्षं राहिला. तिथे त्याला उलगडलं की स्विस शाळा नावाची वस्तूच नाही. जितकी राज्यं तितक्या शाळा, आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीचे वेडे आहेत. बुधवारी दुपारी आमच्याकडे सुट्टी, त्याच्या जिनिव्हातल्या भावाच्या पोरीची सुट्टी वेगळीच. आमच्याकडे इंग्रजी आधी, फ्रेंच नंतर. यावर तो दर बैठकीत दुखावला जायचा आणि ती नोंद करून बैठक पुढे जायची. बोलीही शिकला हळूहळू. अजून बोलतो तेव्हा वाटतं गाय फ्रेंच हंबरतेय, पण कळतं.

खरा गोंधळ त्याच्या आईनं घातला. सोलांज आजी जिनिव्हात राहतात, ओठांना लाली लावल्याशिवाय फोनसुद्धा उचलत नाहीत. तिकडे बालवाडीची वर्षंही इयत्तेत मोजतात. त्यामुळे मिरेय सहावीत गेली तेव्हा तिच्याच वयाची जिनिव्हाची चुलत बहीण होती आठवीत. आजींनी हिशेब केला आणि फोन केला.

"पोर दोनदा नापास झाली आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"आई, ती नापास नाही झाली. इथे सहावी म्हणजे तिथली आठवी."

"डोंगरात वेळ हळू चालतो हे ठाऊक होतं मला, पण इतका?"

सहावीनंतर आमच्याकडे पोरांची वाटणी होते, वरचा गट आणि खालचा गट. परीक्षा नाही; शिक्षक पोराला बघत आलेले असतात, ते आईबापांना बोलावून आपलं मत सांगतात. समितीत बसून बास्तियाँनं हे इतरांना शांतपणे समजावलं होतं. स्वतःची पाळी आली तेव्हा मफलर चावत बसला होता, असं रेगुला सांगते. मिरेयला वरचा गट मिळाला. लादिना आदल्याच वर्षी खालच्या गटात गेली होती. ती आज त्याच कुरणाची मालकीण आहे आणि तिच्या बापापेक्षा हुशारीनं गाई सांभाळते, ते बाजूला राहू दे.

नववीच्या आधी पोरं निरनिराळ्या कामांवर चार-दोन दिवस जाऊन बघतात, आपल्याला काय जमेल ते हुंगून येतात. मिरेय माझ्याकडे आली. चीज उलटायची कमी आणि खायची जास्त. औषधाच्या दुकानात कंटाळली. हॉस्पिटलात आईच्या हाताखाली दोन दिवसांत भांडली. मग धुराडी साफ करणाऱ्या ब्रुडररबाईंकडे गेली आणि संध्याकाळी घरी आली ती नखशिखांत काळी, दात तेवढे पांढरे.

"हेच," ती म्हणाली.

बास्तियाँनं विचारलं, "छपरावर चढायचं?"

"तू नाही का दोरांवर चढत?"

"मला दोन ब्रेक असतात."

"मला ब्रुडररबाई आहेत. त्या दोन ब्रेकांएवढ्या आहेत."

बास्तियाँ जाऊन ब्रुडररबाईंना भेटला. तासभर त्यानं त्यांचे पट्टे, कड्या, शिड्या तपासल्या. बाईंनी हाताची घडी घालून बघितलं आणि शेवटी म्हणाल्या, "झालं असेल तर ती कडी जागेवर ठेवा. आणि तुम्हाला हवी असेल तर तुमचीही उमेदवारी लावते." तो हसत घरी आला आणि मिरेयच्या उमेदवारीच्या करारावर सही करून मोकळा झाला.

नववी संपवून मिरेय कामाला लागली, आणि पुढच्या ईस्टरला सोलांज आजी मात्र तणतणत आल्या. माझ्याच दुकानात टेबलाशी बसून त्यांनी मुलाला फैलावर घेतलं. "वकील व्हायची पोर! वरच्या गटातली! आणि तू तिला शाळेतून काढलंस!"

"काढलं नाही गं आई. आठवड्यात काही दिवस काम, बाकी शाळा. तीन वर्षांनी पदविका. मग पुढे परीक्षा देऊन इंजिनियर हो, हवं ते हो. इथली पद्धतच तशी आहे. सगळी दारं उघडी राहतात."

"दारं उघडी," आजी म्हणाल्या, "आणि ही शिरणार धुराड्यातून!"

 मला हसू दाबायला चीजच्या कपाटात डोकं घालावं लागलं. तेवढ्यात मिरेयच आली, काळा कोट, सोनेरी बटणं, अंगभर काजळी. माझी जुनी गिऱ्हाइकं नेहमीसारखी उठली आणि एकेकानं तिच्या बाहीला हळूच बोट लावून घेतलं, कारण धुराडीवाल्याला हात लावला की दिवस शुभ जातो. मिरेयनं पाव घेतला, आजीचं चुंबन घ्यायला वाकली, आजींनी हात मध्ये घातला. "आधी आंघोळ!"

मिरेय जायला वळली. बास्तियाँ पैसे द्यायला गल्ल्याकडे आला. मी काचेतल्या प्रतिबिंबात बघत होते. आजींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हातमोजा काढला, आणि नातीच्या कोटाच्या टोकाला बोट घासून घेतलं. मग "जरा पाय मोकळे करून येते" म्हणत समोरच्या दुकानात गेल्या आणि लॉटरीचं तिकीट घेऊन आल्या.

काही लागलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी जिनिव्हाहून मिरेयला फोन केला आणि बजावलं, उन्हाळ्यात येशील तेव्हा कामावरून सरळ गाडीत बस, आंघोळ करू नकोस.